नसलेल्या गावाचं दप्तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या भिंतीतल्या कपाटाला वाळवी लागली. खालच्या फळीवरची रेल्वेची तीन जुनी वेळापत्रकं, आयकराची एक मार्गदर्शिका आणि बायकोच्या माहेरून आलेल्या शब्दकोशातला 'अ' ते 'म' एवढा ऐवज तिने फस्त केला. वरच्या फळीला मात्र तोंडही लावलं नाही. वरच्या फळीवर माझा संग्रह होता.

"वाळवीलासुद्धा कळतं, कशात काही आहे आणि कशात नाही ते," बायको म्हणाली.

हा संग्रह कसला, ते सांगायला हवं. मी संदर्भग्रंथ जमवतो. शब्दकोश, ज्ञानकोश, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, प्राण्यांवरचे ग्रंथ, नकाशे. सगळं रीतसर, प्रस्तावना-तक्ते-आकृत्या-सूचीसकट. फक्त ज्या देशांची, प्राण्यांची आणि यंत्रांची ती माहिती आहे ते देश, प्राणी आणि यंत्रं अस्तित्वात नाहीत. आणि ही गोष्ट पुस्तक स्वतः होऊन कबूल करत नाही. 'या कादंबरीतील पात्रे व स्थळे' अशा छापाचं पुस्तक कोणी फुकट दिलं तरी मला नको. ते खिडकीतून आत डोकावणाऱ्याचं पुस्तक. मला हवं असतं ते त्या गावात राहणाऱ्याने, त्या गावातल्या माणसांसाठी, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं. शक्य तर थोडं कंटाळून लिहिलेलं.

औषध मारायला आलेल्या मुलाने कपाट रिकामं करायला लावलं आणि पुस्तकं दिवाणावर आली. आलीच आहेत बाहेर तर यादी करून टाकू, असं मुलीने ठरवलं. नोकरी लागून सहा महिने झालेल्या माणसाला सगळ्या जगाची एक्सेल शीट करावीशी वाटते. तिने रकाने आखले: नाव, लेखक, साल, विषय. पहिल्याच पुस्तकाशी गाडी अडली.

"'क्विडिच थ्रू दि एजेस'. लेखक?"

"केनिलवर्दी व्हिस्प."

"हे कोण?"

"असे कोणी नाहीत. लिहिलंय रोलिंगबाईंनी."

"मग रोलिंग लिहू?"

"मुखपृष्ठ तर व्हिस्पसाहेबांचं नाव सांगतंय."

मुलीने माझ्याकडे, बायको माझ्याकडे बघायची तसं बघितलं.

2001 साली रोलिंगबाईंनी 'कॉमिक रिलीफ' या धर्मादाय संस्थेसाठी दोन छोटी पुस्तकं लिहिली. एक हे, आणि दुसरं न्यूट स्कॅमँडर यांचं जादुई प्राण्यांवरचं. क्विडिचचं पुस्तक म्हणजे हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या ग्रंथालयातली प्रत. आत, कोणी कधी नेलं त्याची नावांसकट यादी, आणि पुस्तक फाडणाऱ्याचं काय होईल याबद्दल ग्रंथपालबाईंची धमकी. आमच्या गावच्या वाचनालयात असाच कागद पहिल्या पानावर चिकटवलेला असायचा, म्हणून मला हे पुस्तक जादूचं न वाटता ओळखीचं वाटलं. पाठीवर किंमत दोन चलनांत छापलेली: ब्रिटिश पौंडांत, आणि जादूगारांच्या नाण्यांत, 14 सिकल 3 नट. आता 29 नटांचा एक सिकल आणि 17 सिकलांचा एक गॅलियन. हे आकडे वाचून तरुण मुलं म्हणतात, काय अचाट कल्पनाशक्ती! माझ्या वडिलांना सांगितलं तर त्यांनी पापणी हलवली नाही. 12 पैंचा आणा, 16 आण्यांचा रुपया आणि वर औटकीचा पाढा छडी खाऊन पाठ केलेल्या माणसाला 29 नटांचं काय कौतुक? "सतरा सिकलांचा गॅलियन, म्हणजे चौदा सिकल तीन नटांच्या पुस्तकाला दोन सिकल सव्वीस नट परत आले पाहिजेत," असं तोंडी सांगून ते वर्तमानपत्राकडे वळले. नंतर मी कागदावर करून पाहिलं. बरोबर होतं.

स्कॅमँडरांचं पुस्तक ही हॅरी पॉटरची स्वतःची शाळेतली प्रत. समासात त्याने आणि रॉनने खरडून ठेवलेलं आहे. म्हणजे दुकानातून नवी कोरी प्रत घ्यावी आणि ती आधीच कोणीतरी वापरलेली निघावी. एरवी पुस्तकावर पेन चालवणाऱ्याशी मी बोलत नाही. इथे मात्र छापलेल्या खरडीचे मी पैसे मोजले. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्यावर उलटणार आहे.

हा उद्योग कालपरवाचा नाही. 1516 साली लूव्हाँला टॉमस मोर यांचं 'युटोपिया' छापलं गेलं, तेव्हा त्या बेटाचा नकाशा, तिथली मुळाक्षरं आणि तिथल्या भाषेतला कवितेचा नमुनाही सोबत छापला होता. प्रश्न एकच उरत होता: एवढं सगळं आहे, तर ते बेट कुठे आहे? मोर यांचे मित्र पीटर गाइल्स यांनी पुस्तकाला जोडलेल्या पत्रात त्याचा खुलासा केला. बेट पाहून आलेला प्रवासी नेमका ठावठिकाणा सांगत असताना मोर यांचा नोकर त्यांच्या कानाशी लागला, आणि गाइल्स स्वतः कान देऊन ऐकत होते तर जहाजावर सर्दी झालेला एक जण जोरात खोकला. राहिलं ऐकायचं. आता पाचशे वर्षं माणसं आदर्श समाज शोधताहेत आणि तो एका खोकल्यापायी हरवला आहे. हा खोकला मला सगळ्या 'युटोपिया'पेक्षा आवडतो. बेट कोणीही कल्पील. खोकला सुचायला सभांना नियमित बसलेला माणूस लागतो.

याच रस्त्याने एक लबाडही गेला. जॉर्ज साल्मनाझार नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये आपण फॉर्मोसा बेटाचे रहिवासी आहोत असं सांगून 1704 साली त्या बेटाचं भलंथोरलं वर्णन छापलं. लिपी, पंचांग, पोशाख, सगळं मनाचं. तुम्ही एवढे गोरे कसे? तर आमच्याकडची मोठ्या घरची माणसं जमिनीखाली राहतात. एडमंड हॅली, तेच धूमकेतूवाले, त्यांनी त्याला पेचात धरलं: तुमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो, तर उजेड धुराड्यातून थेट चुलीपर्यंत किती वेळ पोचतो? हा म्हणाला, आमची धुराडी वाकडी असतात. लोकांनी खरं मानावं म्हणून त्याने हे केलं, म्हणून तो लबाड. माझ्या फळीवरचे लेखक कोणी खरं मानणार नाही हे ठाऊक असून तेवढ्याच निष्ठेने करतात. तरी धुराड्याच्या उत्तराला मी मनातल्या मनात टोपी काढतो.

तर मुद्दा असा की मला कल्पनाशक्तीचं फार अप्रूप नाही. ती पाच वर्षांच्या पोराला असते आणि थापा मारणाऱ्या मेव्हण्याला असते. मला अप्रूप आहे ते कारकुनीचं. राक्षस सुचणं सोपं. त्याला दिवसाला चारा किती लागतो, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते आणि ते रजिस्टर कोणाच्या सहीने बंद होतं, हे बसून लिहिणं अवघड. कोणी विचारलेलं नाही, कोणी तपासणार नाही, आणि तरी माणूस तक्ता पूर्ण करतो.

डॉक्टर माणूस या कामाला बरा. विल हॉयखन हे हॉलंडमधले डॉक्टर. त्यांनी आणि रीन पोर्टफ्लीट या चित्रकाराने 1976 साली जंगलातल्या बुटक्यांवर, म्हणजे 'नोम'वर, एक देखणा ग्रंथ काढला. उंची टोपी सोडून 15 सेंटिमीटर, वजन 300 ग्रॅम, आयुष्य साधारण 400 वर्षं. पुढे शरीररचना, आहार, घराची बांधणी. केसपेपर लिहावा तसं लिहिलंय. बायकोने हे एकच पुस्तक मनापासून चाळलं. "टोपी सोडून, हे बरं लिहिलंय," ती म्हणाली. "नाहीतर लग्नाच्या वेळी टोपी घालून उंची सांगतात." मुलीने विषयाच्या रकान्यात 'प्राणिशास्त्र' लिहिलं, मग खोडलं, मग 'मानववंशशास्त्र' लिहिलं, आणि हात धुऊन चहा ठेवायला गेली.

चहानंतर क्लिंगॉन शब्दकोश निघाला. 'स्टार ट्रेक'मधले ते कपाळावर डोंगररांगा असलेले लढवय्ये, त्यांची भाषा मार्क ओक्रंड यांनी बांधली आणि 1985 साली तिचा कोश काढला. ओक्रंड हे खरे भाषाशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर त्यांचा प्रबंध आहे. त्यामुळे त्यांनी रीत सोडली नाही. भाषा नोंदवायची तर ती बोलणारा माणूस हवा. तेव्हा 1984च्या चित्रपटात पकडला गेलेला माल्ट्झ नावाचा क्लिंगॉन युद्धकैदी त्यांनी माहितीदार म्हणून धरला. चित्रपटात पुढे त्याचं काय झालं कोणाला ठाऊक नाही. कोशाच्या हिशेबी तो बसून क्रियापदं सांगतो आहे.

या भाषेत कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता शेवटी. आपण 'मी भात खातो' म्हणतो, इंग्रज 'मी खातो भात' म्हणतो आणि क्लिंगॉन म्हणतो, 'भात खातो मी'. आपल्याकडे माणूस हे वाक्य असं फक्त भांडणात बोलतो, आणि क्लिंगॉन लोक कायम भांडणातच असतात, तेव्हा ते शास्त्राला धरून आहे. त्यांच्यात 'नमस्कार' नाही. भेटल्यावर त्याच्या जवळपास जाणारा जो शब्द म्हणतात, 'नुकनेख', त्याचा अर्थ 'काय पाहिजे?' हे वाचल्यावर माझ्यातल्या पुणेकराला परग्रहावर नातेवाईक सापडल्याचा आनंद झाला. या मंडळींना लक्ष्मी रोडवर गाळा दिला असता तर पहिले दोन महिने कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं.

माशाला क्लिंगॉनमध्ये 'घोटी' म्हणतात. आपल्यासाठी घोटी म्हणजे इगतपुरीच्या पुढे, नाशिकच्या वाटेवर. पण ओक्रंड घोटीला गेलेले नसावेत. तो चिमटा इंग्रजी स्पेलिंगला आहे. जुना विनोद असा की जी-एच-ओ-टी-आय ही अक्षरं 'फिश' अशी वाचता येतात: 'इनफ'च्या शेपटातला फ, 'विमेन'मधला इ आणि 'नेशन'मधला श. कोशात मात्र शब्द आणि अर्थ, एवढंच. डोळा मारणं नाही, उद्गारचिन्ह नाही. हसू आवरून धरलेला असा माणूस समोर असला की मला बरं वाटतं.

या भाषेच्या चाहत्यांनी पुढे अख्खं 'हॅम्लेट' क्लिंगॉनमध्ये छापलं, आणि भूमिका अशी घेतली की शेक्सपियर मुळात क्लिंगॉन आणि इंग्रजी नाटक हा त्याचा बिघडलेला अनुवाद. आगरकरांनी 1883 साली 'विकारविलसित' काढलं तेव्हा बिचाऱ्यांनी ते भाषांतर असल्याचं प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं. धीर धरला असता तर.

मुलीने विषय लिहिला: 'परदेशी भाषा'. मी हरकत घेतली नाही.

संध्याकाळपर्यंत तिचा वेग वाढला आणि माझी लाज. 'कोडेक्स सेराफिनियानुस' हा लुइजी सेराफिनी या इटालियन कलावंताचा 1981चा ज्ञानकोश. चित्रं अशी की आलिंगन दिलेलं जोडपं टप्प्याटप्प्याने मगर होतं. मजकूर सगळा एका लिपीत, जी कोणालाही येत नाही. लोक वर्षानुवर्षं ती सोडवत बसले. पानांचे आकडे तेवढे सुटले, ते 21च्या पायावर चालतात. 2009 साली ऑक्सफर्डमध्ये सेराफिनींनी सांगून टाकलं की त्या लिपीला अर्थच नाही. म्हणजे पान क्रमांक सोडून ज्यात काहीही समजत नाही असा ग्रंथ. आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल याच परंपरेतला आहे, पण त्यात मगर नाही. "वाचता येत नाही, त्याला किती पडले?" या प्रश्नाला मी नेहमीप्रमाणे खरं उत्तर भागिले तीन दिलं.

मिलोराद पाविच यांचा 'खझारांचा शब्दकोश' हा 1984चा. लुप्त झालेल्या खझार लोकांबद्दल ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू अशी तीन साधनं, एकमेकांना खोटं पाडणारी. आणि पुस्तकाच्या दोन प्रती: एक पुरुष प्रत, एक स्त्री प्रत. फरक फक्त एका परिच्छेदाचा. माझ्याकडे पुरुष प्रत आहे. फरक काय ते कळायला दुसरी घ्यावी लागेल. संसारातही बायकोचं म्हणणं नेमकं काय आहे, ते मला असंच एका परिच्छेदाने हुकतं.

जे पुस्तक माझ्याकडे नाही, ते जास्त जागा अडवतं. 'ड्यून एन्सायक्लोपीडिया', 1984. विलिस मॅकनेली या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी संपादित केलेला, हजारो वर्षं पुढच्या कोणा पंडितमंडळाने रचल्यासारखा. नोंदी अशा की मूळ 'ड्यून' कादंबऱ्यांशीही त्यांचं नेहमी पटत नाही. पुन्हा छापला जात नाही, म्हणून भाव चढलेला. फोर्टच्या फुटपाथवर, फ्लोरा फाउंटनपाशी, एकदा तो माझ्या हातात होता. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून मी वीस रुपये तोडत होतो. तोडले जाईनात. फुटपाथवरचा मुरलेला गिऱ्हाईक करतो तेच मी केलं: पुस्तक ठेवून, अनास्थेने, चहा प्यायला गेलो. पाच मिनिटांत परतलो तर तिथे पाकशास्त्राचं पुस्तक होतं. त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही त्या फुटपाथवरून जाताना मी चहा पीत नाही.

त्याच भागात मला दुसरी एक खोड लागली, ती बोर्हेस या लेखकामुळे. 1940च्या त्याच्या कथेत एका ज्ञानकोशाच्या एकाच प्रतीत चार पानं जास्त निघतात आणि त्या चार पानांत जगात नसलेला देश असतो. तेव्हापासून रद्दीत केतकरांच्या ज्ञानकोशाचा सुटा खंड दिसला की मी शेवटची पानं मोजतो. कमी भरतात. जास्त कधी भरली नाहीत.

मराठीत असं का नाही, असं लोक विचारतात. विचारणारे कोण, तर मीच. ब्रिटिशांनी केलेली मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियर घ्या: पाऊस, पिकं, घाट, जत्रा, कुठल्या बाजारात कुठल्या वारी काय मिळतं. इतका उत्तम नमुना घरात असताना नसलेल्या जिल्ह्याचं गॅझेटियर कोणी लिहू नये? मी सुरुवात केली होती. सीमा झाल्या, नद्या झाल्या, तालुके पाच पाडले. पर्जन्यमानाशी थांबलो. सरासरी किती धरावी यावर माझं माझ्याशीच जमेना; घाटाकडच्या दोन तालुक्यांना जास्त दिला तर पूर्वेकडच्या तिघांवर अन्याय होत होता. आठ वर्षं तो जिल्हा पावसाची वाट पाहतोय.

'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' हा 2014चा जाडजूड ग्रंथ, सिंहासनांच्या मारामारीवाल्या जगाचा इतिहास, यांडेल नावाच्या तिथल्याच पंडिताने लिहिलेला. अर्पणपत्रिकेत राजा रॉबर्टचं नाव आहे, ते खोडून जोफ्री, तेही खोडून टॉमेन. पंडिताचं लिखाण होईपर्यंत राजे टिकेनात. आमच्याकडे उड्डाणपुलाची कोनशिला तयार होऊन गोणपाटाखाली पडून असते आणि मंत्रिमंडळ बदलतं, ते पाहिलेल्या माणसाला या पानावर हसावं की उठून उभं राहावं, कळत नाही.

रात्री समोरचे अण्णा आले. सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. दिवाणावर बसायला जागा नव्हती म्हणून त्यांनी एक पाकीट उचलून मांडीवर घेतलं, आणि ते नेमकं माझं सर्वात लाडकं होतं: 'स्टार ट्रेक'मधल्या एंटरप्राइज यानाचे आराखडे, 1975, बारा कागद. न्यू जर्सीच्या आतेभावाने शोधून पाठवलेले.

हे काढले फ्रान्झ जोसेफ यांनी. सॅन दिएगोत विमानांच्या कारखान्यात आराखडे काढण्यात त्यांची उमर गेली. मुलगी या मालिकेच्या नादी लागलेली. तिच्या मित्रमंडळींनी घरी बनवलेल्या वस्तू बापाने पाहिल्या, मापं चुकलेली दिसली, आणि निवृत्त माणसाच्या हातात पट्टी आली. यान 947 फूट लांब, माणसं 430, मजल्यामागून मजला. एकविसाव्या मजल्यावर बोलिंग खेळायची जागासुद्धा. मालिकेत ती कधी दाखवली नव्हती. पण चारशेतीस माणसं वर्षानुवर्षं आकाशात करणार काय, हा विचार नकाशा काढणाऱ्याने तडीला नेला. त्याच वर्षी त्यांनी स्टारफ्लीटची तांत्रिक पुस्तिकाही काढली. ती म्हणे यान चुकून विसाव्या शतकात आलं तेव्हा त्याच्या संगणकातून आपल्या लष्करी तळाच्या संगणकात गळली. कागद फुटण्याची ही तऱ्हा अण्णांना लगेच पटली.

मी उत्साहाच्या भरात 1991चं नंतरच्या यानाचं माहितीपुस्तकही दाखवलं. माणसाला कणाकणाने विरघळवून दुसरीकडे उभं करणाऱ्या यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा भाग आहे, भौतिकशास्त्राच्या नियमाची अडचण दूर करायला. तो चालतो कसा, असं पत्रकाराने विचारल्यावर पुस्तकाचे एक लेखक मायकेल ओकुडा म्हणाले होते, छान चालतो, आभारी आहे.

"कंत्राटदार दिसतोय," अण्णा म्हणाले. आणि पाकीट घेऊन घरी गेले.

दोन आठवड्यांनी परत आणलं. मी कागद उघडले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. बाराच्या बारा कागदांवर पेन्सिलीने शेरे. नाजूक, तिरक्या, सरकारी अक्षरात. 'मजला क्र. 7, जिन्याची रुंदी नमूद नाही.' 'आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग दर्शवावा.' बोलिंगच्या जागेवर गोल करून: 'सदर बाब मूळ अंदाजपत्रकात होती काय?' शेवटच्या कागदाच्या कोपऱ्यात क्रमवार त्रुटी, खाली सही, तारीख. त्रुटी क्रमांक एक: 'उत्तर दिशा दर्शविलेली नाही.'

1975च्या कोऱ्या आराखड्यांचं बाजारमूल्य माझ्या डोळ्यांदेखत शून्यावर आलं होतं. मुलगी मागून वाचत होती. तिने लॅपटॉप उघडला, लेखकाच्या रकान्यात फ्रान्झ जोसेफ यांच्यापुढे स्वल्पविराम दिला आणि अण्णांचं नाव घातलं.

"अण्णा," मी जमेल तेवढ्या शांतपणे म्हणालो, "हे अंतराळयान आहे. अंतराळात उत्तर दिशा नसते."

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"अंतराळात नसेल," ते म्हणाले. "नकाशात लागते."